बाबांना आंब्याखाली माणसं दिसतात (पार्किन्सनच्या गोळ्या, त्यांचे त्रास आणि घरातली सावधगिरी)

अबोली_डिचोली
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिला धागा काढतेय तो असल्या विषयावर.

माझे बाबा, वय ७३, गोव्यात डिचोलीजवळच्या गावात राहतात. साडेचार वर्षांपूर्वी सुपारी कातरताना हातातून अडकित्ता निसटायला लागला, मग उजव्या हाताची बोटं थरथरायला लागली, आणि पार्किन्सनचं निदान झालं. गोळ्या चालू झाल्या आणि तसं बरं चाललं होतं. कुळागरात जायचे, पोफळींना पाणी सोडायचे, संध्याकाळी देवळाच्या सोप्यावर बसून गप्पा मारायचे.

गेले तीन आठवडे तिन्हीसांज झाली की त्यांना अंगणातल्या मानकुरादाखाली माणसं बसलेली दिसतात. दोन पुरुष, एक बाई, बाईच्या मांडीवर पोर. घाबरत नाहीत. परवा मला म्हणाले, "अगो, कधीची बसलीयत, त्यांना च्या तरी विचार." बाबांची काकी ८९ वर्षांची आहे, ती म्हणते हा देवचार, म्हणजे गावाचा राखणदार. तिनं सांगितल्यावरून भावानं झाडाखाली रोट आणि विडी ठेवलीसुद्धा. मला हसायला यायला हवं होतं, पण स्वयंपाकघरात जाऊन रडले.

चालू औषधं: सिंडोपा ११० (लेवोडोपाची गोळी) दिवसातून तीनदा, पहिल्यापासून. अमॅन्टाडिन १०० दोनदा, वर्षभर. थरथर वाढली म्हणून फेब्रुवारीत एका डॉक्टरांनी ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम तीनदा दिली. शिवाय बीपीची एक, प्रोस्टेटची एक, सकाळी उपाशीपोटी गॅसची कॅप्सूल, आणि उठताना चक्कर येते म्हणून मार्चपासून रात्री चक्करेची गोळी. चार डॉक्टर, चार कागद. कुणीही चुकीचं वागलं असं मला म्हणायचं नाही, पण सगळं एकत्र कुणी बघितलंय असंही वाटत नाही.

भास हे रोगामुळे की गोळ्यांमुळे? बंद करू का काही? भाऊ म्हणतो, सगळंच आठवडाभर थांबवून बघूया.

---

खाजन
सोमवार, रात्री १०.०५

भावाला आधी थांबवा. बाकी वाद नंतर. पार्किन्सनच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. माझ्या मामाच्या घरी हे झालंय. एकादशीला "आज पोटात काहीच नको" म्हणून गोळ्याही सोडल्या, दुसऱ्या दिवशीही सोडल्या, तिसऱ्या दिवशी मामा लाकडासारखा कडक आणि अंगात १०३ ताप. मलेरिया समजून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेला. रक्तात मलेरिया नव्हता.

---

काउंटरमागचा
सोमवार, रात्री ११.२०

अबोलीबाय, मी डॉक्टर नव्हे. फोंड्याला ३४ वर्षं फार्मसीच्या काउंटरमागे काढली, आता निवृत्त. औषध बदलण्याचा सल्ला देत नाही, पण तुमची यादी वाचून झोप येईना म्हणून लिहितो.

खाजन यांनी सांगितलं ते खरं आणि गंभीर आहे. लेवोडोपा अचानक तुटली तर अंग ताठरतं, ताप चढतो, स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येतो. जीवावर बेतू शकतं. तेव्हा भावाला म्हणावं, आठवडा नाही, एक दिवसही नाही.

आता यादी. ट्रायहेक्सिफेनिडिल जुनी गोळी आहे, लेवोडोपाच्याही आधीपासूनची. तरुण माणसाच्या थरथरीला अजून उपयोगी पडते. पण सत्तरीपुढच्या माणसाला ती देताना डॉक्टर हात आखडतात, कारण विसरभोळेपणा, गोंधळ, भास, कोरडं तोंड, मलावरोध आणि लघवी तुंबणं हे सगळं तिच्यासोबत येतं. तुमच्या बाबांना आधीच प्रोस्टेट. लघवी पूर्ण होत नसेल तर आत साचते, साचली की जंतू धरतात, आणि म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की कित्येकदा ताप येण्याआधी डोक्यातच गोंधळ सुरू होतो. लघवीची तपासणी झालीय का? उद्या सकाळी तेवढी करा.

अमॅन्टाडिननंही भास होतात. ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड मंदावलं असेल, तर तीच मात्रा अंगात साठत जाते. पायांवर जाळीदार जांभळट नक्षी आली असेल किंवा घोटे सुजले असतील तर तेही तिचंच. दुसरी गोळी संध्याकाळी उशिरा देत असाल तर झोपही मोडते.

आता माझा खरा राग. ती गॅसची कॅप्सूल. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. रॅबेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोलच्या जोडीला 'लेवोसल्पिराइड' लिहिलंय का? ते पोट लवकर रिकामं करतं हे खरं, पण करतं कसं, तर डोपामिनची, म्हणजे लेवोडोपापासून मेंदूत जे बनतं त्याची, वाट अडवून. म्हणजे एका हातानं घागर भरायची आणि दुसऱ्यानं बुडाला भोक पाडायचं. पार्किन्सन नसलेल्या माणसालाही त्यानं पार्किन्सनसारखी थरथर लागू शकते. आणि चक्करेच्या गोळीत सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर तिचंही तेच.

म्हणजे बघा हं, कदाचित फेब्रुवारीत थरथर वाढली ती गॅसच्या कॅप्सूलनं, थरथरीला म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल आली, तिनं लघवी तुंबली... हा माझा अंदाज. ठरवणार न्यूरोचे डॉक्टर. पण सगळी पाकिटं एका पिशवीत घालून त्यांच्यासमोर ओता. यादी नको, पाकिटंच न्या.

---

अबोली_डिचोली
सोमवार, रात्री ११.३८

आत्ता टॉर्च लावून पाकीट वाचलं. लेवोसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम लिहिलंय. जानेवारीपासून चालू आहे. चक्करेच्या गोळीवर सिनारिझिन.

---

काउंटरमागचा
सोमवार, रात्री ११.४५

हूं. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन.

---

वनौषधी_सत्तरी
मंगळवार, सकाळी ७.१५

या रासायनिक गोळ्यांचं हे असंच असतं, एकावर दुसरी, दुसरीवर तिसरी. आमच्या सत्तरीत कंपवाताला कुयलीच्या बिया पूर्वापार देतात. दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाळवून पूड करायची. माझ्या आजोबांनी आठ वर्षं घेतली. साइड इफेक्ट नाही. सिंडोपासोबत सकाळ-संध्याकाळ एक चमचा सुरू करून बघा.

---

खाजन
मंगळवार, सकाळी ८.०२

कुयली म्हणजे तीच ना, पावसानंतर कुंपणावर वाढते आणि शाळेत पोरं एकमेकांच्या शर्टात टाकायची ती? :))

---

काउंटरमागचा
मंगळवार, सकाळी ८.५०

तीच. आणि वनौषधी, तुमच्या आजोबांना गुण आला असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण कुयलीच्या बीत खुद्द लेवोडोपाच असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या आपल्याच शास्त्रज्ञांनी ती बियांतून वेगळी काढली होती. तेव्हा ती पार्किन्सनला चालते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, ते कळायला साठचं दशक उजाडावं लागलं. २००४ मध्ये लंडनला ८ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला, त्यात कुयलीच्या पुडीचा असर नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला. आपल्या पूर्वजांची नजर चांगली होती याबद्दल वाद नाही.

पण म्हणूनच "सिंडोपासोबत एक चमचा" हे मला मान्य नाही. ते वेगळं औषध नाही, तेच औषध दुसऱ्यांदा आहे. आणि किती, ते बीगणिक बदलतं. एका चमच्यात आज अमुक, पुढच्या पावसाळ्याच्या पिकात दुप्पट. ज्यांना आधीच भास होतात त्यांना वरून बेहिशेबी लेवोडोपा द्यायची? घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, तोलून, गोळीचा हिशेब धरून. चोरून नको. आमच्या काउंटरवर येणारी निम्मी माणसं घरातली पूड डॉक्टरांपासून लपवायची, ओरडतील म्हणून.

---

वनौषधी_सत्तरी
मंगळवार, सकाळी ९.३०

आजोबा सिंडोपा घेत नव्हते, हे खरं. तेव्हा नुसती कुयलीच होती. वरचं "सोबत" हे मागे घेतो.

---

सोलकढी
मंगळवार, दुपारी ३.१०

अबोली, तुझ्या बाबांच्या भासांवर बोलण्याइतकं मला कळत नाही. मी निवृत्त शिक्षिका, मडगाव. आमच्या ह्यांना ९ वर्षं झाली. पण गोळी आणि जेवण याबद्दल चार शब्द लिहिते, कारण आम्ही दोन वर्षं फुकट घालवली.

हे दुपारी एकला जेवायचे. शीत, हुमण (माशांची आमटी), तळलेली मासळी. जेवण झालं की गोळी, कारण आपल्याकडे औषध म्हटलं की "जेवल्यावर" हे डोक्यात पक्कं. आणि दोन ते साडेचार माणूस खुर्चीला चिकटलेला. पाय उचलत नसे, बोलणं तोंडातल्या तोंडात. मी समजायची, वामकुक्षी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की मासळीतली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यातून एकाच दारानं आत शिरतात, मेंदूत शिरतानाही पुन्हा तेच. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते.

आता गोळी सव्वाबाराला, नुसत्या पाण्याबरोबर. जेवण एकला. सकाळची गोळी पेजेच्या अर्धा तास आधी. आधी गोळी, मग नुस्तं (मासळी), असं मी फ्रिजवर लिहूनच ठेवलंय. दुपारी दोन वाजता परवा हे उठून स्वतः भांडी विसळायला गेले, मी काहीच बोलले नाही, नुसती बघत राहिले.

रिकाम्या पोटी मळमळत असेल तर सोबत कांकणाचा (बांगडीसारख्या पावाचा) छोटा तुकडा चालतो. दूध नको. रक्तवाढीची लोहाची गोळी असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह तिला धरून बसतं.

एक सांगते, हे ऐकून आमच्या जावेनं तिच्या भावाची मासळी, डाळ, अंडं सगळं तोडलं. दोन महिन्यांत तो सहा किलो उतरला. असं करू नका. ज्यांच्या गोळीचा असर दिवसात चढतो-उतरतो त्यांनी मासळी रात्रीच्या जेवणाकडे सरकवावी, तीही विचारून. प्रथिनं बंद करायची नाहीत. आणि दुपारी बिननुस्त्याचं जेवायला गोंयकार माणूस तयार होणार नाही, ही अडचण वेगळीच!

---

रोस_ऑम्लेट
मंगळवार, सायंकाळी ६.२५

जरा वेगळा प्रश्न. माझ्या आईला (६४) नुकतंच निदान झालंय. शेजारी म्हणतात सिंडोपा जितकी उशिरा चालू कराल तितकं बरं, पाच वर्षांत ती निकामी होते. आई त्यामुळे घेतच नाही, कपातला चहा बशीत सांडतो तरी.

आणि दुसरं, माझ्या आतेभावाला नवीन गोळी दिलीय, त्याची लघवी केशरी-तांबडी येते. घरात घबराट.

---

काउंटरमागचा
मंगळवार, रात्री ८.००

लघवीचं आधी: नवीन गोळीत एन्टाकॅपोन असेल तर तो तिचाच रंग. निरुपद्रवी. तिनं पातळ जुलाब लागून राहिले तर मात्र सांगायचं.

पाच वर्षांची गोष्ट मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगितलेली आहे, माफ करा. तेव्हा सगळे तेच म्हणायचे. २०१४ मध्ये घानाच्या रुग्णांचा अभ्यास आला. तिथं लोकांना गोळी फार उशिरा मिळायची, इटलीतल्या रुग्णांना लवकर. पण गोळीच्या असराची चढउतार आणि अंगाचे आपोआप होणारे हेलकावे सुरू झाले ते दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षी. म्हणजे घड्याळ गोळीचं नव्हतं, आजाराचं होतं. पुढे २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर अभ्यास झाला. निम्म्यांना लेवोडोपा लगेच, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. शेवटी दोन्ही गटांत फरक नव्हता, उशीर करून काही शिल्लक पडलं नाही. आईचा चहा सांडू नये हे मोठंच कारण आहे. मात्रा कमीत कमी ठेवायची, हे डॉक्टर बघतात.

---

मांडवीकाठ
मंगळवार, रात्री ११.५५

मी स्वतः पेशंट. वय ५८. एका बोटानं टाइप करतोय, चुका पोटात घाला.

धागा भासांचा आहे, माझा त्रास निराळा होता. तो कुणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही म्हणून लिहितो. या नावामागं मी कोण हे इथं कुणाला ठाऊक नाही, म्हणूनही लिहितो.

मला ५३व्या वर्षी निदान. वय कमी म्हणून आधी प्रॅमिपेक्सोल दिली. गुण उत्तम. सही पुन्हा पहिल्यासारखी यायला लागली. मात्रा हळूहळू वाढवली. सातआठ महिन्यांनी मी मटक्याची चिठ्ठी लावायला लागलो. मी! बाप मटक्यापायी घर विकून बसला म्हणून आयुष्यात आकड्याला हात न लावलेला माणूस. आधी पन्नास रुपये. मग ऑफिसातून सुटल्यावर थेट तिथेच. रात्री तीनला उठून वहीत आकडे मांडायचो, गेल्या वर्षाचे, त्याच्या आधीचे, रकाने आखून, वेगवेगळ्या शाईत. फार आनंद व्हायचा, खोटं का बोलू. मांडवीत कॅसिनोंची जहाजं रोज समोर लखलखत असतात, त्यांच्याकडे मी कधी पाहिलंही नाही. माझी हौस कागदाच्या कपट्यावर भागत होती. बायकोचं मंगळसूत्र बँकेत गहाण होतं तेव्हा कळलं तिला.

बायको मला भटाकडे नेणार होती. मुलगी म्हणाली, आधी गोळ्यांच्या डब्यातला कागद वाचूया. त्यात लिहिलेलं होतं. जुगार, वेड्यासारखी खरेदी, सारखं खाणं, आणि शरीरसुखाची नको इतकी ओढ. चौथ्याबद्दल इतकंच लिहितो की तेही घडू शकतं आणि घरातल्या बाईला ते सहन करावं लागतं.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमचा स्वभाव बिघडला नाही, ही या जातीच्या गोळ्यांची ठाऊक असलेली खोड आहे. प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल दोन्हींची. एकदम बंद केली नाही. सहा आठवड्यांत उतरवली आणि लेवोडोपा वाढवली. उतरवताना जीव घाबरा व्हायचा, घाम फुटायचा, कशातच रस वाटायचा नाही. तेही होतं म्हणे. दीडेक महिन्यात एका सकाळी लक्षात आलं की मी काल आकडा विचारलाच नाही.

वही अजून आहे. फाडून टाकावी वाटत नाही, का ते माहीत नाही.

आणि एक. हीच गोळी घेत असताना पर्वरीच्या सिग्नलला स्कूटरवर बसल्या-बसल्या झोप लागली. पेंग नाही, दिवा घालवावा तशी झोप. मागच्या पायलटानं (मोटरसायकल टॅक्सीवाल्यानं) धरलं म्हणून वाचलो. ही गोळी नवी चालू झाली असेल किंवा मात्रा वाढवली असेल तर चावी दुसऱ्याकडे द्या.

---

सोलकढी
बुधवार, सकाळी ६.४०

मांडवीकाठ, वाचून बराच वेळ बसून राहिले. आमच्या ह्यांनी मध्यंतरी ऑनलाइन सात छत्र्या मागवल्या होत्या. सात! मी हसण्यावारी नेलं. आज पाकीट बघते.

---

खाजन
बुधवार, सकाळी ९.१५

भाऊ, एका बोटानं इतकं लिहिलंत. सलाम.

---

तिसवाडी_तिठा
बुधवार, दुपारी १२.३०

हॉस्पिटलबद्दल कुणीतरी लिहा. गेल्या चवथीच्या आधी बाबा पडले, खुबा मोडला. एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं, ते छान झालं. पण वॉर्डात गोळ्या त्यांच्या राउंडप्रमाणे, ८-२-८. बाबांच्या वेळा ६-१०-२-६-१०. आम्ही सांगितलं तर "सगळ्यांना एकच वेळ असते". दुसऱ्या दिवशी गिळताही येईना. मळमळतंय म्हणून इंजेक्शन दिलं, त्यानंतर मान एका बाजूला वळली. रात्री बडबडले म्हणून आणखी एक इंजेक्शन. मग दोन दिवस माणूस नव्हताच. मला आजपर्यंत कळलेलं नाही की नेमकं काय चुकलं.

---

रात्रपाळी
बुधवार, रात्री १०.४५

मी नर्स. कुठल्या रुग्णालयात ते विचारू नका. तुमचं वाचून मान खाली गेली, कारण हे आमच्याकडून होतं, आणि वाईट हेतूनं होत नाही, माहीत नसल्यानं होतं.

मळमळीचं नेहमीचं इंजेक्शन मेटोक्लोप्रामाइडचं असतं. ते मेंदूत शिरून डोपामिन अडवतं, पार्किन्सनच्या पेशंटला ते द्यायचं नसतं. रात्री बडबड करणाऱ्याला सवयीनं हॅलोपेरिडॉल दिलं जातं, ते तर त्याहून वाईट. मळमळीला ऑन्डान्सेट्रॉन चालतं. तोंडानं घेता येत असेल तर डॉम्पेरिडोन, कारण ती मेंदूत फारशी शिरत नाही. पण हृदयाचे ठोके बिघडलेले असतील तर ईसीजी बघून, आणि थोडेच दिवस. भासांवर औषध लागलंच तर क्वेटियापिनची छोटी मात्रा किंवा रक्ततपासणीच्या शिस्तीत क्लोझापिन, हे न्यूरोचे डॉक्टर ठरवतात.

एक कागद करा. मोठ्या अक्षरात. वर: "पार्किन्सनचा रुग्ण. गोळी वेळेवर म्हणजे वेळेवर." खाली घड्याळी वेळा आणि मात्रा. त्याखाली "देऊ नये" म्हणून मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल, लेवोसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन. पेशंट रासाजिलिन किंवा सेलेजिलिन या पार्किन्सनच्याच दुसऱ्या गोळ्या घेत असेल तर ट्रॅमाडॉल, पेथिडिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध हेही लिहा. हाड मोडल्यावर दुखायला ट्रॅमाडॉल सर्रास लिहिलं जातं, म्हणून हे फार महत्त्वाचं. कागद फाईलला लावा, दुसरा उशाशी चिकटवा. घरच्या गोळ्या बरोबर आणा आणि तोंडानं काही द्यायचं नसेल तर "मग लेवोडोपा नळीतून देणार का?" हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. भांडू नका, विचारा. विचारलं की आम्हीही जागे होतो.

सीआर लिहिलेली, म्हणजे हळूहळू सुटणारी, गोळी कुटून नळीत घालायची नाही, तेवढं लक्षात ठेवा. सहा तासांची गोळी एकदम सुटते.

---

तिसवाडी_तिठा
बुधवार, रात्री ११.१०

धन्यवाद हा शब्द पुरत नाही. कागद आत्ताच केला.

---

अबोली_डिचोली
जूनचा दुसरा आठवडा, रविवार, सकाळी १०.२०

धागा वर काढतेय. दोन महिने लिहायला जमलं नाही. बाबांना घेऊन बांबोळीला चार फेऱ्या झाल्या.

पिशवी ओतली. डॉक्टर पहिली दोन मिनिटं काही बोलले नाहीत, पाकिटं एकेक करून दोन ढिगांत ठेवत गेले. गॅसची कॅप्सूल आणि चक्करेची गोळी त्याच दिवशी बंद. लघवीत संसर्ग निघाला. सोनोग्राफीत लघवी केल्यावरही आत बरीच साचून राहत होती. प्रतिजैविक झालं. मग ट्रायहेक्सिफेनिडिल एकदम नाही, दर आठवड्याला एकेक कमी करत काढली. अमॅन्टाडिन आता फक्त सकाळी. लेवोडोपाला मात्र शेवटपर्यंत हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, भास झाले की ती सगळ्यात शेवटी कमी करायची, कारण माणूस चालतो तो तिच्यावर.

उलट तिचा आकडा बदलला. ११० म्हणजे १०० लेवोडोपा आणि १० कार्बिडोपा. आता १२५, म्हणजे लेवोडोपा तीच, कार्बिडोपा २५. कार्बिडोपाचं काम लेवोडोपाला रक्तातच फुटू न देणं. त्याला दिवसाला ७० ते १०० मिलिग्रॅम लागते, बाबांना मिळत होती ३०. म्हणून मळमळ, म्हणून पोट बिघडलंय असं वाटून ती गॅसची कॅप्सूल. काउंटरमागचे काका, तुमचा अंदाज एक पायरी आधीपासून खरा होता! फार्मसीत ११० आणि २७५ सुद्धा एकाच फळीवर असतात, आकडा वाचून घ्यायचा हे आता भावालाही पाठ झालंय.

चक्करेचं कारण तर फारच साधं निघालं. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, १४०. उभं करून तीन मिनिटांनी १०८. वीसनं उतरलं तरी ते धोक्याचं मानतात. बीपीची गोळी निम्मी केली, प्रोस्टेटचीही बीपी उतरवते म्हणून ती रात्री झोपताना. आता उठायचं तर आधी काठावर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं. रात्री लघवीला बाटली पलंगाशीच. मे महिन्याच्या घामात पाणी कमी पडत होतं, तेही वाढवलं. उर्राकाचा (काजूच्या दारूचा) एक पेला ते हंगामात घ्यायचेच, तो डॉक्टरांनी या वर्षी नको म्हटलं. त्यावर मात्र बाबा डॉक्टरांशी भांडले.

थरथर? थोडी आहेच. अडकित्ता हाती धरू देत नाही आम्ही.

---

काउंटरमागचा
रविवार, सकाळी ११.००

आणि आंब्याखालची मंडळी?

---

अबोली_डिचोली
रविवार, सकाळी ११.१२

आधी बाई आणि पोर गेलं. मग एक पुरुष. एक मात्र मे अखेरपर्यंत होता. डॉक्टर म्हणाले, बाबांना तो भास आहे हे कळत असेल आणि भीती नसेल तर लगेच नवं औषध नको. आम्ही संध्याकाळी अंगणातला मोठा दिवा लावायला लागलो, अंधुक उजेडात जास्त दिसायचं. पाऊस लागल्यावर परवा बाबा खिडकीतून बघून म्हणाले, "गेला वाटतं. भिजला असता."

काकीनं रोट ठेवणं बंद केलेलं नाही. आम्ही काही म्हणत नाही, सकाळी कावळे खातात.

एक प्रश्न राहिला. पहिली गोळी सहाला असते, ती आम्ही पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंपूवर देत होतो. पावसात तो कधी साडेसातला येतो, कधी येतच नाही. गेल्या आठवड्यात दोनदा गोळीला उशीर झाला आणि बाबांचा पाय न्हाणीच्या उंबऱ्यावर अडकला. मोबाइलचा गजर त्यांना ऐकू येत नाही, आईला बंद करता येत नाही.

---

सोलकढी
रविवार, दुपारी १२.०५

जुनं चावीचं घड्याळ घे, घंटेचं. रिकाम्या पितळी ताटात ठेव. आमच्याकडे शेजारीसुद्धा उठतात.

आणि गोळ्या पाकिटातून आठवड्याभराच्या आधी काढून डबीत भरू नकोस, या हवेत ओल धरतात.